दार उघडे, तिकीट नाही

आमच्या बाबांचे शहापुरात किराणा मालाचे लहानसे दुकान आहे. ‘फुकट’ या शब्दावर त्यांचा मुळीच विश्वास नाही. साबणाच्या दोन वड्यांवर तिसरी मोफत, अशी पाटी कंपनीचा माणूस लावून गेला की ते हसतात आणि म्हणतात, “तिसऱ्या वडीचे पैसे कुणीतरी भरलेलेच असतात. कुणी भरले, तेवढे शोधायचे.” मी वाणिज्य शाखेकडे वळले ती काहीशी या वाक्यामुळेच. २०२४ च्या मे महिन्यात मला पाच आठवडे लंडनला राहण्याचा योग आला. तेव्हा हे वाक्य माझ्याबरोबर सगळीकडे हिंडले.

योग आला असे म्हटले, तरी मी हौसेने गेले नव्हते. माझी आत्या तिथे परिचारिका आहे. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, घरात करणारे कुणी नाही, आणि माझे पहिले वर्ष नुकतेच संपलेले. विमानाचे तिकीट आत्याने काढले. व्हिसाची फी ११५ पौंड, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे १२ हजार रुपये, बाबांनी भरली. निघताना त्यांनी बजावले, “आत्याला खर्चात घालू नकोस.” तेव्हा लंडनमध्ये फिरायचे तर बिनपैशाचे, हे आधीच ठरले होते.

आत्या दुपारचे औषध घेऊन झोपली की मला एक ते पाच वेळ मोकळा असे. त्या चार तासांत मी जे पाहिले, त्याची माहिती वाचकांपुढे ठेवते. आपल्यापैकी उद्या कुणी शिकायला, नोकरीला किंवा माझ्यासारखे कुणाच्या आजारपणाला तिकडे गेले, तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट ही की लंडनमधील बहुतेक मोठी राष्ट्रीय संग्रहालये कायमच्या दालनांसाठी एक पैसाही घेत नाहीत. ब्रिटिश म्युझियम, चित्रांची नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम, ही सारी मोफत. दारात पिशवी तपासतात, आतल्या बाजूला देणगीची पेटी असते, तीत घालायचे की नाही ते आपल्या मनावर. गर्दीच्या दिवसांत वेळ ठरवून घेण्याची बिनपैशाची नोंदणी आधी करून ठेवली तर रांगेत ताटकळावे लागत नाही. खास प्रदर्शनांना मात्र तिकीट असते. पाटी नीट वाचली की फसगत होत नाही. शुक्रवारी यातली काही दारे रात्रीपर्यंत उघडी असतात, आणि दिवसभर काम करणाऱ्याला त्याचा फार उपयोग. बसचे भाडे तेव्हा १ पौंड ७५ पेन्स होते, म्हणजे जाऊन-येऊन साडेतीन पौंड. माझा एका दुपारचा सगळा खर्च तेवढाच. डब्यात पोळी-भाजी असे.

पहिल्या दिवशी ब्रिटिश म्युझियममध्ये मी फार मोठी चूक केली. सगळे पाहायचे ठरवले! मिसरच्या मम्या, ग्रीकांचे पुतळे, असीरियाचे पंख असलेले बैल, चिनी भांडी, असे करत साडेतीन तास पळापळ केली. घरी आले तेव्हा पाय सुजले होते आणि डोक्यात नुसता गोंधळ. आत्याने विचारले, “काय पाहिलंस?” मला एकाही वस्तूचे धड वर्णन करता येईना.

रात्री विचार करताना कारण ध्यानात आले. आपल्याला ‘पैसे वसूल’ करण्याची सवय असते. तिकीट काढले की शेवटच्या खोलीपर्यंत गेलेच पाहिजे, नाही तर नुकसान. पण इथे तिकीटच नव्हते, मग वसूल काय करायचे? उद्या पुन्हा जाता येत होते, परवाही येत होते. मोफत प्रवेशाचा खरा फायदा पैसे वाचतात हा नसून घाई वाचते हा आहे. दुसऱ्या दिवशी मी तिथेच पुन्हा गेले आणि एकाच दगडापुढे पाऊण तास उभी राहिले.

तो दगड म्हणजे रोझेटा शिला. १७९९ साली ती मिसरमध्ये सापडली आणि १८०२ पासून या संग्रहालयात आहे. इसवीसनापूर्वी १९६ साली कोरलेला एकच राजशासनाचा मजकूर तिच्यावर तीन लिप्यांत आहे : वर मिसरची चित्रलिपी, मध्ये तिथलीच रोजच्या व्यवहाराची लिपी, खाली ग्रीक. ग्रीक वाचता येत असे, म्हणून त्यावरून बाकीचे उलगडत नेता आले आणि १८२२ मध्ये शांपोल्यों या फ्रेंच विद्वानाने चित्रलिपीचे कोडे सोडवले. माझ्या शेजारचे प्रवासी, एकच गोष्ट तीनदा कशाला लिहायची, म्हणून नवल करत होते. मला हसू आले. बेळगावच्या बाजारात वाढलेल्या पोराला हे कुणी समजावून द्यावे लागत नाही. एकाच दुकानावर कानडी, मराठी आणि इंग्रजी पाटी आपण जन्मापासून वाचतो. मला कानडी अक्षरे लागली ती शाळेत नव्हे, अशाच पाट्यांवरून. त्या शिलेपुढे परदेशात असल्यासारखे मला वाटलेच नाही.

आता बाबांचा प्रश्न. हे सगळे फुकट, तर पैसे कुणी भरले?

ब्रिटिश म्युझियमची सुरुवात हॅन्स स्लोन या डॉक्टरच्या संग्रहापासून झाली. त्याने आयुष्यभर जमवलेल्या ७१ हजारांहून अधिक वस्तू, त्याच्या वारसांना २० हजार पौंड द्यावे या अटीवर, राष्ट्राला देऊ केल्या. १७५३ मध्ये पार्लमेंटने कायदा केला आणि पैसा उभा केला तो चक्क सार्वजनिक सोडत काढून! १७५९ च्या जानेवारीत दारे उघडली. प्रवेश तेव्हापासून मोफत, पण सुरुवातीला आधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागे. हा झाला वहीचा एक रकाना. दुसरा रकानाही लिहिला पाहिजे. स्लोनच्या बायकोकडून आलेले उत्पन्न जमैकातील उसाच्या मळ्यांचे होते आणि ते मळे गुलामांच्या कष्टावर चालत. म्हणजे तिसऱ्या वडीचे पैसे कुणी भरले, त्याचे एक उत्तर इथे मिळते.

पुढे सरकारी अनुदान हाच मुख्य आधार झाला. तरीही मोफत प्रवेश कायम टिकला असे नाही. १९७४ मध्ये तिथल्या सरकारने राष्ट्रीय संग्रहालयांना प्रवेशशुल्क लावले, आणि सरकार बदलताच जेमतेम तीन महिन्यांत ते रद्द झाले. १९८० नंतरच्या काळात अनुदान अपुरे पडू लागले, तेव्हा काही संग्रहालयांनी आपण होऊन तिकीट लावले. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने १९८५ मध्ये दारात ऐच्छिक देणगी मागायला सुरुवात केली आणि १९९६ मध्ये सक्तीचे शुल्क बसवले. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी मात्र मोफतच राहिली.

इथे एक मजेशीर पेच उभा राहिला. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी तो जरूर समजून घ्यावा. आपल्याकडे जी.एस.टी.मध्ये खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा होतो, तशीच व्यवस्था तिकडच्या व्हॅट या करात आहे. समजा, एका संग्रहालयाने छपराची दुरुस्ती केली आणि बिल १,००० पौंड झाले. तेव्हाच्या १७.५ टक्के दराने त्यावर १७५ पौंड कर. तिकीट लावणारे संग्रहालय ‘व्यवसाय’ करते असे कायदा मानी, म्हणून त्याला हे १७५ पौंड परत मागता येत. मोफत संग्रहालय काही विकतच नाही, म्हणून ते व्यवसाय नाही, म्हणून परतावाही नाही. ज्याने लोकांकडून पैसे घेतले त्याला सवलत, आणि ज्याने दार उघडे ठेवले त्याला भुर्दंड! करकायद्याचे पुस्तक वाचताना आपल्याला झोप येते, पण एका कलमावर लक्षावधी लोकांसाठी दार उघडे राहते की बंद होते, ते इथे दिसते.

२००१ साली कायद्यात दुरुस्ती झाली. मोफत प्रवेश देणाऱ्या राष्ट्रीय संग्रहालयांनाही भरलेला व्हॅट परत मिळू लागला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस शुल्क घेणाऱ्या राष्ट्रीय संग्रहालयांनी ते बंद केले. पुढच्या दहा वर्षांत तिथे येणाऱ्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली. आज ही संस्था चालते ती सरकारी अनुदानावर, म्हणजे करदात्यांच्या पैशावर, शिवाय देणग्या, खास प्रदर्शनांची तिकिटे, आतले दुकान आणि उपाहारगृह यांच्यावर. आत्या दरमहा पगारातून जो कर भरते, त्यातले चार पेन्स या दारांनाही लागतच असणार. तिला मी तसे सांगितले, तेव्हा ती गप्प झाली. का, ते पुढे कळले.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने दोन जागा आवर्जून पाहाव्यात. एक म्हणजे बँक ऑफ इंग्लंडचे संग्रहालय. तेही मोफत, पण शनिवार-रविवार बंद. तिथे पेटीत ठेवलेली सुमारे १३ किलोची सोन्याची वीट भोकातून हात घालून उचलून बघता येते. मी एका हाताने उचलायला गेले आणि मनगट दुखावून घेतले. चित्रपटातले चोर अशा विटा पिशवीत भरून पळतात, ते सगळे खोटे असते एवढे ज्ञान नक्की झाले.

दुसरी जागा नॅशनल गॅलरी. सरकारने १८२४ मध्ये अँगरस्टाइन या धनिकाची ३८ चित्रे ५७ हजार पौंडांना विकत घेतली आणि ही गॅलरी सुरू झाली. मी तिथे होते त्याच महिन्यात तिला २०० वर्षे पूर्ण झाली. ट्रफाल्गर चौकातील आजची इमारत १८३८ ची. जागा निवडताना असा विचार झाला होता की पश्चिमेकडच्या श्रीमंतांना गाडीतून आणि पूर्वेकडच्या गरिबांना पायी, दोघांनाही येता यावे. दुसऱ्या महायुद्धात बाँबच्या भीतीने सगळी चित्रे वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत नेऊन ठेवली होती. पण लोकांची मागणी म्हणून दर महिन्याला एक चित्र लंडनला आणून मांडत. शहरावर संकट असताना लोक एका चित्रासाठी येत होते, हे वाचून माझ्या साडेतीन तासांच्या पळापळीची मलाच लाज वाटली.

तिथे होल्बाइनचे १५३३ सालचे ‘द अँबॅसेडर्स’ हे भले मोठे चित्र आहे. दोन फ्रेंच मुत्सद्दी उभे आहेत आणि मधल्या मांडणीवर पृथ्वीचा गोल, उन्हावरची घड्याळे, वाद्ये, पुस्तके ठेवली आहेत. खाली जमिनीवर काहीतरी तिरपे, फेंगडे फासलेले दिसते. उजवीकडे भिंतीलगत जाऊन पाहिले की ती चक्क माणसाची कवटी होते! सगळे लोक त्या कवटीसाठी गर्दी करतात. मला आवडले ते खालच्या फळीवरचे अर्धवट उघडे पुस्तक. ते १५२७ साली छापलेले, व्यापाऱ्यांसाठीचे अंकगणिताचे जर्मन पुस्तक आहे आणि भागाकाराच्या पानावर उघडले आहे. राजे आणि वकिलातींच्या चित्रात हिशेबाचे पुस्तक पाहून मला आमच्या दुकानातली वही आठवली.

आता एक अवघड भाग. याच अंकाच्या कानडी विभागात माझी जी मैत्रीण लिहिते, तिने निघताना एकच काम सांगितले होते : टिपूचा वाघ बघून ये. तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे. जवळजवळ खऱ्या आकाराचा लाकडी वाघ एका गोऱ्या शिपायाच्या नरड्याला धरून उभा आहे. पोटात वाद्य बसवलेले असून दांडा फिरवला की वाघाची गुरगुर, शिपायाचे कण्हणे, आणि त्याचा हातही हलतो. १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला, आणि लुटीतून हा वाघ कंपनीच्या लंडनमधील कचेरीत पोचला. १८०८ पासून तो लोकांना दाखवत आणि येणारे-जाणारे दांडा फिरवून मजा बघत. आता तो काचेत आहे.

मी त्याच्यापुढे गेले तेव्हा शाळेची सहल आली होती. मुले ‘पुन्हा पुन्हा’ म्हणत त्याच्या आवाजाची ध्वनिफीत ऐकत होती. मला आनंदही झाला आणि घशाशी काहीतरी अडकलेही. त्या मुलांना तो मोफत दिसतो आणि श्रीरंगपट्टणच्या मुलाला दिसत नाही. दार उघडे आहे खरे, पण व्हिसाची फी भरून त्या दारापर्यंत पोचले तर. मोफत हा शब्द तिथे राहणाऱ्यासाठी एक आणि आपल्यासाठी दुसरा.

वाघनखांचेही असेच. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून ती याच संग्रहालयाकडे आली. ती शिवाजी महाराजांचीच, याची खात्री पटवता आलेली नाही, असे संग्रहालय स्वतःच सांगते. २०२४ च्या जुलैमध्ये ती तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली, ती उसनी. त्या दिवाळीच्या सुट्टीत बाबा आणि मी साताऱ्याला जाऊन पाहून आलो. एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते. वस्तू खरी की कशी याचा वाद इतिहासकारांनी करावा, पण आपली वस्तू पाहायला एस.टी.चे भाडे पुरले पाहिजे, एवढे मला तिथे नक्की वाटले. तिकडची व्यवस्था वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्याच व्यवस्थेने मला पाच आठवडे शिकवले. पण जमेची बाजू लिहिताना नावेची बाजू कोरी ठेवली तर ताळेबंद जुळत नाही.

शेवटच्या आठवड्यात आत्या काठी घेऊन हिंडू-फिरू लागली. मी तिला शुक्रवारी संध्याकाळी नॅशनल गॅलरीत नेले. पायऱ्यांपाशी ती थबकली. म्हणाली, “तिकीट किती गं?” मी म्हटले, “आत्या, मी इतके दिवस काय सांगतेय? काही नाही.” तरी तिने दारावरच्या माणसाला विचारलेच, आणि त्याने हसून आत हात दाखवला.

व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांपुढच्या बाकावर ती बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बावीस वर्षं झाली मला इथे येऊन. रात्रपाळी करून बसने याच चौकातून घरी जायचे. वाटायचं, एवढी मोठी इमारत, आत जायला बक्कळ पैसे पडत असतील, आणि चांगले कपडे लागत असतील. विचारायची लाज वाटली.”

आत्या तिकडे गेली २००२ मध्ये, म्हणजे सगळी दारे मोफत झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. तिच्या कराचे पैसे आत जात होते, ती मात्र बाहेरून जात होती. तिकीट काढून टाकणे हे अर्धे काम. ‘या, हे तुमचेही आहे’ असे कुणीतरी सांगावे लागते, हे उरलेले अर्धे. हा लेख लिहिण्याचे कारणही तेवढेच.

परत आल्यावर मी स्वतःचा हिशेब तपासला. धारवाडला जाता-येता कित्तूरवरून मी किती वेळा गेले असेन! किल्ल्यात संग्रहालय आहे हे ठाऊक होते, पण बसमधून कधी उतरले नव्हते. राणी चन्नम्माची इंग्रजांशी पहिली लढाई झाली ती ऑक्टोबर १८२४ मध्ये, म्हणजे लंडनची ती गॅलरी ज्या वर्षी उघडली त्याच वर्षी. तिची दोनशे वर्षे मी लंडनमध्ये पाहिली आणि हिची आपल्या दारात होती. त्या ऑक्टोबरात माझ्या कानडी मैत्रिणीला घेऊन मी कित्तूरला उतरले. एकाच दालनापुढे आम्ही निवांत उभ्या राहिलो. पाट्यांवरची जी कानडी मला अडली ती तिने वाचून दाखवली, आणि टिपूचा वाघ कसा दिसतो ते मी तिला सांगितले.

बाकीचे पुन्हा केव्हातरी येऊन पाहू, असे ठरवून आम्ही पाचची बस धरली.